अकरा ते बारा वाटण बंद

“राही, तुझा नुसता फोटो दिसतोय. तू हलत नाहीयेस,” असं सुचिता मॅडम पुण्याहून म्हणाल्या, पण ते राहीला ऐकू गेलं नाही. तिच्याकडे मॅडमचाही नुसता फोटोच होता. मग मॅडम बरंच काही बोलल्या असाव्यात. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं आगरदांड्याजवळच्या त्या कोळीवाड्यात धडपणे पोचलं.

“...नाहीतर मग तुला पुण्यालाच येऊन राहावं लागेल.”

नेटचं हे असंच असतं बघा. कामाचं बोलणं वाटेत अडकतं आणि नको ते बरोबर दारात येऊन उभं राहतं.

राही माणगावची. रितेशशी लग्न करून तीन वर्षांपूर्वी इथे आली. रितेश आगरदांडा ते दिघी अशा फेरीबोटीवर कामाला. राहीची नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण घरून. कंपनीचं सॉफ्टवेअर ज्यांनी विकत घेतलं असेल त्यांना ते कसं चालवायचं हे पडद्यावर दाखवून शिकवायचं, हे तिचं काम. येत्या बुधवारी अकरा वाजता सिंगापूरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकापुढे तिला तासभर बोलायचं होतं. ते नीट पार पडलं तर घरून काम चालू राहणार होतं. मध्येच तिचा पुन्हा फोटो झाला, तर पुणं. आणि तेही एकटीनं, कारण फेरीबोट काही पुण्याला नेता येत नाही.

राहीला जायचं नव्हतं. तिला मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारी खाडी आवडायची, सासूच्या हातचं कालवण आवडायचं, आणि नवराही आवडायचा. सासूबाई नीराबाई यांनी तर पुण्याचं नाव ऐकल्यापासून भाकरीत मीठ घालायचं सोडून दिलं होतं.

“ही गेली तर मी बोलू कुणाशी?” त्या रितेशला म्हणाल्या. “ह्यांच्याशी?”

ह्यांच्याशी म्हणजे सासरे हरेश्वर तांडेल. जन्मभर बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान, असलेला माणूस. आता बोट विकली होती, पण तांडेलपण कोण विकत घेणार? ते घरातच शिल्लक होतं. सकाळी उठून नीराबाईंना “पाणी किती आलंय?” असं विचारलं, तर ते नळाला की खाडीला, हे नीराबाईंना इतक्या वर्षांनीही कळत नसे.

अडचण होती घराच्या भिंतींची. जांभ्या दगडाच्या, हातभर जाड. नेटचा डबा ओटीवर आणि राहीची खोली मागे. वायफाय ओटीवरून निघायचं, पहिली भिंत कशीबशी ओलांडायचं आणि देवघरापाशी येऊन मान टाकायचं. मोबाइलची रेंज हवी तर थेट जेट्टी गाठावी लागे. ओटीवर बसून काम करावं, तर ओटी म्हणजे कोळीवाड्याचा एसटी स्टँड. एकदा राही कुणा साहेबाला काही समजावत असताना एकानं कोळंबीची टोपली सरळ लॅपटॉपसमोर ठेवली आणि भाव सांगितला. साहेबांनाही तो भाव जास्त वाटला होता म्हणे.

“भोक पाडून वायर घेऊ आत,” रितेश म्हणाला.

“देवघराच्या भिंतीला?” नीराबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. विषय संपला.

“मग वायरलेस लावू दुसरा. मध्ये एक डबा ठेवायचा, तो पुढचं नेट पकडतो आणि मागं फेकतो.”

“वायरलेसचं नाव काढू नको माझ्यापुढं,” हरेश्वर म्हणाले. “जन्म गेला माझा बोटीवरच्या वायरलेसवर. जेट्टीला लागलेली असली बोट, की बाजूच्या बोटीवर कोण काय जेवला ते पण ऐकू यायचं. आणि बाहेर खोल पाण्यात वारा सुटला, की नुसती खरखर. मीच बोलायचो, मीच ऐकायचो. ज्याला वायर न्हाय त्याचा भरवसा न्हाय.”

रितेशनं फेरीबोटीवरच्या दोस्तांना विचारलं, इंटरनेटवर वाचलं, आणि दोन पांढरे डबे मागवले. विजेच्या सॉकेटमध्ये खोचायचे. एक ओटीवर, नेटच्या डब्याशेजारी. दुसरा राहीच्या खोलीत. मधली वायर म्हणजे भिंतीतली विजेचीच वायर. त्याच तारेतून वीज, त्याच तारेतून नेट.

नीराबाईंनी डबा उलटासुलटा करून पाहिला.

“ह्यात औषध कुठून भरायचं?”

“आई, हे मच्छरचं मशीन नाहीये.”

“मग मच्छर कशानं जाणार?”

त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यावर त्यांनी फ्रीजमध्येही नेट जाणार का आणि मासळीला काही होणार का, हे विचारून घेतलं. हरेश्वरांचं मात्र पहिल्याच वाक्याला समाधान झालं. “वायर हाय ना? मग झालं,” म्हणाले.

आणि खरंच झालं. राहीच्या खोलीतल्या डब्यावर हिरवा दिवा लागला. तिनं रितेशला फेरीबोटीवर व्हिडिओ कॉल लावला, तर त्याच्या मागच्या बाईच्या पदरावरची नक्षीसुद्धा दिसली. हरेश्वर दिवसभर, जणू तार त्यांनीच ओढली होती, अशा थाटात फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेट गेलं. थोड्या वेळानं आलं. त्याच्या पुढच्या दिवशीही, अगदी स्वयंपाकाच्या वेळेला, गेलं आणि आलं. तिसऱ्या दिवशी राही हैराण होऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हा नीराबाई मिक्सरमध्ये खोबऱ्याचं वाटण वाटत होत्या. त्यांनी मिक्सर थांबवला आणि आतल्या खोलीतून लॅपटॉपचा आवाज आला, “हॅलो, राही?” त्यांनी मिक्सर लावला. आवाज गेला. थांबवला. “हॅलो?”

“अगो बाई,” नीराबाई म्हणाल्या. “माझ्या वाटणानं तुझं नेट जातंय होय?”

तसंच होतं ते. मिक्सर, पाण्याची मोटर, असली फिरणारी यंत्रं चालली की विजेच्या तारेत खरखर माजते आणि बिचारं नेट त्यात बुडतं. वायरलेसला भिंतीचं वावडं, आणि ह्या डब्यांना वाटणाचं. आता कोळ्याच्या घरात वाटणाशिवाय दिवस जात नाही. पण पोर घरात राहायची तर उपाय नव्हता. हरेश्वरांनी सूत्रं हातात घेतली. ओटीवर उभं राहून त्यांनी हुकूम सोडला: मीटिंग असेल तेव्हा, अकरा ते बारा, वाटण बंद. मोटर बंद. फ्रीजचा प्लग काढायचा. मिक्सर त्यांच्या ताब्यात.

मंगळवारी रंगीत तालीम झाली. राही खोलीत लॅपटॉपसमोर बसून सिंगापूरशी बोलल्यासारखं भिंतीशी बोलू लागली, आणि रितेश फेरीबोटीवरून ऐकू लागला. फ्रीज गप्प. मोटर गप्प. हरेश्वर ओटीवर मिक्सर मांडीवर घेऊन बसलेले, वायर हाताला गुंडाळून. घरात एक पंखासुद्धा फिरत नव्हता.

आणि नेट गेलं.

राही बाहेर आली. हरेश्वरांनी दोन्ही हात वर केले. मिक्सर मांडीवर होता, त्यांच्यावर संशय घेता येत नव्हता. नीराबाईंनी मात्र मान वाकडी करून भिंतीला कान लावला. पलीकडून बारीक घर्रर्र येत होती.

“किशोरी,” त्या म्हणाल्या. “मधलं भांडं लावलंय. ओलं खोबरं आणि मिरची हाय.”

“भिंतीपलीकडचं कसं काय येईल इकडे?” राही म्हणाली आणि मग तिलाच आठवलं. मीटर एकच होतं.

इथे थोडं मागे जायला हवं. हे घर मुळात सबंध होतं. हरेश्वर आणि त्यांचा धाकटा भाऊ विनेश, दोघांचं. किशोरी ही विनेशची बायको. राही-रितेशच्या लग्नात विनेशला, म्हणजे सख्ख्या काकाला, मानाचं टॉवेल-टोपी द्यायचं होतं. गर्दीत हरेश्वरांनी ती टोपी भलत्याच्याच डोक्यावर घातली. तो बेंजो वाजवणारा निघाला. तो खूश झाला आणि त्यानं आणखी दोन गाणी जास्त वाजवली. विनेश मात्र जेवणाच्या पंगतीतून उठला. लग्नाची हळद उतरायच्या आत घराची वाटणी झाली आणि मधोमध भिंत आली. चुली दोन, दारं दोन. मागचं नारळाचं परस तेवढं वाटायचं राहिलं. मीटरही दोन करायचं ठरलं होतं, पण अर्ज कुणी करायचा ह्यावरून पुन्हा भांडण झालं आणि मीटर एकच राहिलं. एक महिना बिल हा भरी, एक महिना तो. बोलणं नाही, चालणं नाही.

“कुणीतरी जाऊन सांगायला हवं त्यांना,” राही म्हणाली. “उद्या तासभर मिक्सर लावू नका एवढंच.”

“मी न्हाय जाणार,” हरेश्वर म्हणाले.

“मी जाते.”

“तू?” नीराबाई म्हणाल्या. “तुझ्या लग्नावरून तर झालं सगळं. तू गेलीस तर ती मुद्दाम दोन मिक्सर लावील. थांब, मी बघते.”

नीराबाईंची रीत जुनी होती. लेकी बोले सुने लागे. त्या मागच्या पडवीत गेल्या. भिंतीपलीकडे किशोरी सुकट पाखडत बसल्याचा आवाज येत होता. नीराबाईंनी पायाशी घोटाळणाऱ्या मांजरीला समोर धरलं आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं तिला सांगितलं,

“मने, ऐकलंस काय? उद्या अकरा वाजता आमच्यात वाटण न्हाय. बाजूवाल्यांनी पण ध्यानात ठेवावं, वाटण न्हाय. पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय.”

पलीकडचं पाखडणं थांबलं. नीराबाई समाधानानं आत आल्या.

“पोचलं,” म्हणाल्या.

पोचलं होतंच. फक्त काय पोचलं होतं, ते सांगतो. हातभर जाड जांभा वायफायला अडवतो तसा बोलण्यालाही थोडा ओरबाडतोच. आणि आमच्याकडचं बोलणं असं, की नीराबाईंचं “वाटण न्हाय” भिंतीतून पलीकडे गेलं ते “वाटणी हाय” होऊन. उद्या अकरा वाजता वाटणी हाय. बाजूवाल्यांनी ध्यानात ठेवावं, वाटणी हाय. पोरीचा प्रश्न हाय. किशोरीनं सूप तिथंच टाकलं आणि ती घरात धावली.

“ऐकलंत काय? परसाची वाटणी काढतायत उद्या. नारळ सुनेच्या नावावर करणार.”

विनेश दाढी करत होता. अर्धीच झाली होती. तो तसाच उठला आणि येसाजीबाबांकडे गेला. येसाजीबाबा वाडीतले सगळ्यात जुने पंच. आजकाल भांडणं पोलिसांकडे जात असल्यामुळे बाबांना फारसं काम उरलं नव्हतं. त्यांनी लगेच काठी शोधायला घेतली.

बुधवार उजाडला. रितेश कामावर गेला. फ्रीजचा प्लग निघाला. राहीनं देवाला नमस्कार केला, सासूला केला, सासऱ्यांना केला आणि चुकून मिक्सरलाही हात जोडले. ठीक अकराला तिच्या खोलीचं दार बंद झालं आणि तिचं इंग्रजी सुरू झालं. डब्यावर हिरवा दिवा स्थिर होता. पलीकडून चमचा पडल्याचाही आवाज नव्हता.

“ऐकलं म्हणायचं किशोरीनं,” हरेश्वर कुजबुजले. “तशी वाईट न्हाय ती.”

तेवढ्यात दारात विनेश उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे काठी टेकत येसाजीबाबा.

तीन वर्षांनी भाऊ ओटीवर आला होता. मिक्सर बंद केल्याचं सांगायला जातीनं आला, असं हरेश्वरांना वाटलं आणि ते लगबगीनं उठले.

“अकरा म्हणालात, आलो आम्ही,” विनेश खड्या आवाजात म्हणाला.

“हळू बोल,” हरेश्वर घाईघाईनं म्हणाले. “आत चालू हाय.”

“काय चालू हाय? आम्ही यायच्या आधीच सुरू केलं? आणि हळू का? चोरून करायचंय?”

“विन्या, हळू. पोरीचा प्रश्न हाय.”

“ते कळलंय मला. म्हणूनच पंच आणलाय.”

“त्याला पंच कशाला? तासाभराचं काम. बारा वाजले की मोकळे.”

“तासाभरात?” येसाजीबाबा पुढे झाले. बाबांनाही कुजबुजावं लागत होतं आणि त्यांना तशी सवय नव्हती. “परसात नारळ किती हायेत, ठाऊक हाय ना?”

“नारळ कितीबी असूं देत, बाबा. फोडा, खवून ठेवा. पण बाराच्या आत वाटायचे न्हाईत.”

विनेशचा चेहरा लाल झाला. “वाटायचे न्हाईत? मग मला बोलावलं कशाला? सगळे तुमीच घेणार?”

“मी घेऊन काय करू? बारा वाजल्यावर तुमीच वाटा की. हवं तेवढं वाटा. बारीक वाटा.”

येसाजीबाबांनी ह्यावर विचार केला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ वाटण्या केल्या होत्या. “बारीक म्हंजे,” त्यांनी विचारलं, “झाडावरचा एकेक नारळ मोजून?”

“तुमाला लागेल तसं. भरड ठेवलं तरी माझी हरकत न्हाय.”

“दादा, चेष्टा करतोस माझी?” विनेश म्हणाला. ओरडायची सोय नव्हती, कारण तो आवाज चढवायला लागला की नीराबाई हात जोडत होत्या आणि मग आतल्या दाराकडे बोट दाखवत होत्या. आता हळू आवाजात नीट भांडता येतं का, तुम्हीच सांगा. शिवीसुद्धा कुजबुजली की गुपित सांगितल्यासारखी वाटते. विनेशच्या तोंडून मग तीन वर्षांचं सगळं बाहेर आलं, पण ते असं, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसं. “बेंजोवाल्याला टोपी घातलीस तू. भर मांडवात. सख्खा भाऊ समोर बसलाय आणि टोपी बेंजोवाल्याला. लोक हसले मला. किशोरी रडली घरी येऊन.”

हरेश्वर मोठ्यानं बोलत असते तर म्हणाले असते, की मग काय झालं, एका टोपीवरून घर मोडतात काय. पण मोठ्यानं बोलायची बंदी त्यांनीच घातली होती. आणि कुजबुजत ते वाक्य काही उठेना.

“चुकलं रं माझं,” ते म्हणाले. “गर्दीत दिसलं न्हाय. दुसऱ्या दिवशीच यायचं होतं तुझ्याकडं. पण तोवर तू गवंडी आणला होतास.”

विनेशनं बाबांपुढे खुर्ची सरकवली. येसाजीबाबा खुर्चीत बसले. आणि राहीच्या खोलीचं दार उघडलं.

“आई,” ती पांढरी पडली होती. “गेलं. सगळं गेलं.”

भिंतीपलीकडे मिक्सर चालू होता. पंच घरी यायचा म्हणजे त्याला जेवायला घालायला हवं, ही रीत किशोरीला कुणी शिकवायला नको. ती वाटण वाटत होती.

नीराबाई मागच्या दारानं धावल्या. तीन वर्षांत न ओलांडलेला उंबरा त्यांनी पदर सावरायच्या आत ओलांडला. किशोरी मिक्सरच्या झाकणावर हात दाबून उभी होती.

“अगो, वाटण न्हाय,” नीराबाई धापा टाकत म्हणाल्या.

“व्हय, वाटणी हाय, ठाऊक हाय मला. म्हणूनच जेवण टाकलंय.”

“वाटण न्हाय.”

“तेच म्हणते मी, वाटणी हाय. पण बायकांचं काय काम त्यात?”

नीराबाईंनी पुढे होऊन प्लगच उपटला. घर शांत झालं.

“वाटणी न्हाय गो, बाई. वाटण. हे. खोबरं, मिरची. हे लावलं की आमच्या राहीचं नेट जातं. नेट गेलं की राही पुण्याला जाते. राही गेली की मी ह्या घरात भिंतींशी बोलत बसते, आणि भिंतीनं काय ऐकलं ते तर बघतेच आहेस.”

किशोरीनं मिक्सरचं झाकण उघडून आतल्या वाटणाकडे पाहिलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“ताई, मांजरीला कशाला सांगायचं? मला हाक मारायची. मी काय न्हाय म्हणाले असते?”

“तू ओ दिली असतीस?”

“पहिल्या हाकेला न्हाय,” किशोरी म्हणाली. “दुसरीला दिली असती.”

वाटण अर्धंच झालं होतं आणि पंच तर आला होता. कोपऱ्यात पाटा-वरवंटा होता. दोघी जावा खाली बसल्या. एक वाटू लागली, दुसरी पाणी शिंपडू लागली.

इकडे नेट परत आलं. राही माफी मागून पुढे बोलू लागली. सिंगापूरच्या साहेबांना तेवढा वेळ चहा घ्यायला मिळाल्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. बारा वाजता सुचिता मॅडम म्हणाल्या, “छान झालं. असंच चालणार असेल तर राहा तिथेच.” राही खोलीतून बाहेर आली ती हसत की रडत, हे ओटीवर बसलेल्या तिघांनाही ठरवता आलं नाही.

दुपारी सगळे किशोरीकडे जेवले. वाटणी कसली आणि वाटण कसलं, हे येसाजीबाबांना तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा समजल्यावर ते जरा हिरमुसले. मग कालवणाचा वास आला. “परसाचं पुढच्या वर्षी बघू,” ते म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

त्या दिवसापासून एक रिवाज पडला. राहीच्या मीटिंगा रोज अकराला असत. अकराला थोडं कमी असताना हरेश्वर पायात चपला घालून विनेशच्या दारात जायचे आणि मिक्सर बंद आहे ना, हे विचारायचे. विचारून लगेच परत येणं बरं दिसत नाही. मग चहा व्हायचा. चहाबरोबर बोटींच्या गोष्टी निघायच्या. बारा वाजेपर्यंत हरेश्वर तिथेच देखरेख करत बसायचे. नेटची राखण म्हणजे जबाबदारीचं काम, असं ते वाडीत सांगत फिरत.

पावसाळा संपता संपता रितेशनं एक गडबड केली. आठवड्यातून एखादा दिवस कुठूनतरी खरखर यायचीच, म्हणून त्यानं बापाला न सांगता वायरलेसचे दोन छोटे डबे आणले. एक देवघराबाहेरच्या कपाटावर, फोटोफ्रेमच्या मागे, आणि एक राहीच्या खोलीत. एका डब्यानं नेट दुसऱ्याच्या हातात द्यायचं, भिंतीला वळसा घालून. ते इतकं बेमालूम चाललं, की मिक्सर लावा, मोटर लावा, गिरणी आणून बसवा, काही फरक पडेना. राहीनं जुन्या पांढऱ्या डब्याची वायर लॅपटॉपमधून काढून टाकली. डबा मात्र सॉकेटमध्येच ठेवला, हिरव्या दिव्यासकट. सासऱ्यांना वायरलेस कळलं असतं तर त्यांच्या मनाला लागलं असतं, आणि अकरा वाजता कुठे जायचं हा प्रश्नही पडला असता.

पण तिच्या मनाला ते खाऊ लागलं. आपल्यापायी काकीनं रोज हात बांधून बसायचं, हे बरं नव्हे. एक दिवस सकाळी ती किशोरीकडे गेली.

“काकी, तुम्ही मिक्सर खुशाल लावत जा. आता नेटला काही होत नाही. बाबांना तेवढं सांगू नका.”

किशोरीनं तिला हाताला धरून ओट्याजवळ नेलं. मिक्सरच्या जागी नुसता तेलकट चौकोन होता.

“कधीचा जळलाय तो,” ती हळूच म्हणाली. “माणगावला दिलाय दुरुस्तीला. मी आणि तुझी सासू तिच्याच मिक्सरवर वाटतो दोघींचं, सकाळीच. ह्यांनी शपथ घातलीय मला. दादाला कळलं तर दादा यायचा बंद होईल म्हणतात.”

राही घरी आली. खोलीत हरेश्वर उभे होते. सॉकेटमधल्या डब्याकडे बघत होते, आणि त्याच्या खाली लोंबणाऱ्या, कशालाच न जोडलेल्या वायरकडे. राहीचे पाय उंबऱ्यातच थांबले.

“बाबा, ते...”

“नवरात्रापासून बघतोय,” हरेश्वर म्हणाले. “कपाटावरचा वायरलेस पण बघितला. बरा चालतो?”

“चांगला चालतो.”

“असूं दे.” त्यांनी लोंबती वायर उचलून टेबलामागे, दिसणार नाही अशी सारली. “विन्याला बोलू नको हां. त्याला वाटतंय, माझ्या राखणीवाचून तुझं नेट चालत न्हाय.”

आणि चपला घालून ते निघाले. राही त्यांच्यामागून ओटीवर आली. अकरा वाजायला आले होते. शेजारच्या ओटीवरून सासऱ्यांचा करडा आवाज आला, “मिक्सर बंद हाय ना रं?”

“बंदच हाय, दादा,” विनेश म्हणाला. “तू बस.”